लुगडं नेसलेली टाकी

निखारेकाकूंच्या घरी पाऊल टाकलं की चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "वरचा का खालचा?"

प्रश्न चहाचा. वरचा म्हणजे पावसाच्या पाण्याचा आणि खालचा म्हणजे बोअरच्या. नवखा माणूस गोंधळून "कोणताही चालेल" म्हणाला की त्याला खालचा मिळायचा, आणि वरून ऐकावंही लागायचं, "ज्याले कोणताही चालते त्याच्यावर चांगलं पाणी काहून वाया घालवा?" मग तो माणूस खालचा चहा प्यायचा, आणि आपण कोणत्या परीक्षेत नापास झालो याचा विचार करत घरी जायचा.

काकू आहेत, ठणठणीत आहेत. माणूस गेल्याशिवाय त्याच्यावर असलं काही लिहू नये असा नियम असेल तर असो. काकूंच्या नावावर मोडलेल्या नियमांत अजून एक जमा. मीच नागपूरचं मनीषनगर सोडलं, म्हणून आता त्या आठवणीतल्या झाल्या, एवढंच.

त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. मूळचा मी मौद्याकडचा, धानाच्या बांध्यांतला. आमच्या अख्ख्या खानदानात ग्रॅज्युएट झालेला मी पहिला. हे मी कुठंही सांगतो. ज्यांच्या घरात आजोबांपासून डिग्र्या आहेत त्यांना सांगावं लागत नाही, आम्हाला लागतं. खोली बघायला गेलो तेव्हाही नाव सांगण्याआधी हेच सांगितलं. काकूंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मंग नळाचा वायसर बदलता येते का?"

"नाही येत."

"गॅसचं सिलेंडर लावता येते?"

"ते येतं."

"मंग राहा. वायसरवाला मी पाहून घेईन." त्या दिवसापासून माझं नाव ग्रॅज्युएट पडलं. लेआउटमधल्या, म्हणजे आमच्या वसाहतीतल्या, कुणालाच माझं खरं नाव माहीत नव्हतं. पोस्टमनसुद्धा "ग्रॅज्युएट, तुमचं पार्सल" म्हणायचा. मला त्याचा राग आला नाही. खरं सांगायचं तर आवडायचंच.

काकू बुटक्या, गोल, आणि चालताना थोड्या डाव्या अंगाला झुकणाऱ्या. त्यांच्याबद्दल पहिल्यांदा लक्षात यायचं ते त्यांचे हात. मनगटापर्यंत लाल. कधी डाळिंबी, कधी विटकरी, पण लाल. नवीन आलेली एखादी बाई विचारायची, "काकू, मेंदी काढली का?" त्यावर काकू गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "हाव ना वं. नवरा वरतं बसून वाट पाहून राहिला." विचारणारी बाई पुन्हा कधी हाताचं नाव काढायची नाही.

तो रंग सुताचा होता. काकू उमरेडच्या विणकर घरातल्या. त्यांच्या घरात हातमागावर करवती काठाची लुगडी विणली जात. काठाला करवतीसारखे लाल दात असतात, ते हे लुगडं. त्या काठाचं सूत रंगवणं हे लहानपणापासून काकूंचं काम. मग लग्न झालं. नवऱ्याची नोकरी कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात, आणि संसार तिथल्या कॉलनीत. "तिथं लडी वाळाले टाकली का अर्ध्या तासात राखुंडी रंगाची," असं त्या सांगायच्या. म्हणून सगळा संसार होईपर्यंत त्यांनी सुताला हात लावला नाही. रिटायर झाल्यावर नवऱ्यानं मनीषनगरला प्लॉट घेतला, घर बांधलं आणि दोन पावसाळे काढून तो गेला. काकूंनी मागच्या गॅलरीला जाळी मारली, वर टिनाचं छप्पर घातलं, चूल मांडली आणि पुन्हा सूत रंगवायला घेतलं. उमरेडला त्यांच्या धाकट्या भावाचा एक माग अजून चालू होता. बाजारात रंगवलेलं सूत हवं तेवढं मिळतं, पण भावाला ते चालायचं नाही. आणि काकूंना बोअरचं पाणी चालायचं नाही.

"लाल टाकला का विटकरी निघते," त्या म्हणायच्या. "अन् तोही ठिगळं ठिगळं. पाण्यात काय काय असते काय माहीत, सुताले रंग धरूच देत नाही."

म्हणून टाकी.

काळी, प्लास्टिकची, पोटाला फुगलेली टाकी. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, विटांच्या ओट्यावर बसलेली. गच्चीचा पाईप थेट तिच्या डोक्यात उतरायचा. काकू तिला सासू म्हणायच्या. "माह्यी सासू अशीच बसली राहे कोपऱ्यात. काळी, गोल, अन् झाकण उघडलं का बंद करणं मुश्कील." सकाळी उठल्याबरोबर त्या टाकीवर तीन बोटं ठोकून आवाज ऐकायच्या आणि मला वर हाक मारायच्या, "ग्रॅज्युएट, सासू गळ्यापर्यंत भरली गा!"

एका उन्हाळ्यात सासू उघडीबोडकी दिसते म्हणून काकूंनी उरलेल्या लाल ऑइलपेंटनं तिच्या पोटाभोवती करवती काठ काढला. एकेक दात मोजूनमापून. ते झाल्यावर कमरेवर हात ठेवून मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "आता कसं घरंदाज दिसते."

या लुगड्यानंच पुढं सगळी गंमत केली.

आमच्या लेआउटमध्ये काकूंचं घर जुनं, बाकीची बरीचशी मागाहून झालेली. नवीन मोठं घर बांधायचं तर नकाशात पावसाचं पाणी साठवायची सोय दाखवावी लागते. घर झालं की त्या सोयीचा फोटो जोडावा लागतो, तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. नियम चांगला आहे. पण आमच्या लेआउटनं त्याचं काय केलं, तर सगळ्यांनी नकाशात टाकी काढली आणि अंगणात गाडी ठेवली. फोटोची वेळ आली की काकूंकडे यायचे.

"काकू, जरा सासू पाहिजे होती. फोटोपुरती."

उन्हाळ्यात टाकी रिकामी असायची. दोन पोट्टे तिला गडगडत न्यायचे, नकाशातल्या कोपऱ्यात उभी करायचे, वर पाईपचा एक तुकडा टेकवायचे आणि फोटो काढायचे. फोटो काढणारा बहुतेक वेळा मीच, कारण ग्रॅज्युएट माणसाचा हात हलणार नाही अशी सगळ्यांची समजूत. काकूंची अट एकच, सासू रिकामी परत पाठवायची नाही. "माणूस पाहुणा आला तं ओटी भरता ना? मंग?" त्यामुळे टाकी परत यायची तेव्हा तिच्या झाकणावर डबा असायचा. सांबारवडीचा, कधी पाटोडीचा. एका उन्हाळ्यात तर सासू इतकी फिरली की काकूंना स्वयंपाक करायचं कारणच पडेना. हे सगळं एवढं सवयीचं झालं होतं की यात काही वाकडं आहे असं कुणाला वाटायचं नाही. मलाही नाही.

तर परिस्थिती अशी होती. ज्यांच्या नकाशात टाकी होती त्यांच्या अंगणात नव्हती, आणि जिच्या अंगणात होती तिच्या नकाशात नव्हती.

शेजारचे वैरागडेसाहेब हे सासूला सगळ्यात थाटात नेणारे. कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांना पांढऱ्या रंगाचं वेड. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरी गाडी, आणि दर दिवाळीला पांढरी होणारी कंपाउंडची भिंत. ही भिंत त्यांच्या आणि काकूंच्या मधली.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता काकूंनी लडी धुतल्या आणि घमेल्यातलं पाणी मोरीत ओतलं. मोरी तुंबलेली. पाणी भिंतीच्या पायाशी साचून राहिलं. भिंतीनं ते हळूहळू वर ओढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वैरागडेसाहेबांची भिंत कमरेपर्यंत गुलाबी झाली होती.

"वहिनी! ही भिंत पाहा!"

"पाहिली ना. बेस दिसून राहिली."

"ती पांढरी होती!"

"होती ना साहेब. म्हणून तं रंग इतका चांगला धरला."

वैरागडेसाहेब फाटक आपटून आत गेले. भिंत गुलाबी केल्याबद्दल तक्रार करायची सोय कुठल्या ऑफिसात नसते. म्हणून त्यांनी तक्रार केली टाकीची.

नोटीस आली तेव्हा काकू चुलीपाशी होत्या. "तू ग्रॅज्युएट हायेस ना, वाच."

मी खणखणीत आवाजात वाचायला लागलो. "उपरोक्त भूखंडावरील इमारतीच्या सामासिक अंतरामध्ये पर्जन्यजल साठवण टाकीचे विनापरवाना व अनधिकृत बांधकाम..."

"थांब. मराठीत वाच."

"हे मराठीच आहे काकू."

"मंग मी इतके दिवस कोणतं बोलून राहिली?"

मी सोपं करून सांगितलं. घर आणि भिंत यांच्यामध्ये जी जागा मोकळी सोडायची असते, तिथं तुम्ही विटांचा ओटा करून टाकी बसवली आहे. ते बांधकाम झालं. त्याला परवानगी लागते, ती तुम्ही घेतलेली नाही. लवकरच महापालिकेच्या ऑफिसातून इंजिनीअर मॅडम पाहणीला येतील आणि नंतर टाकी काढावी लागेल.

"पाऊस वरून येते. म्यां फक्त खाली भांडं ठेवलं. भांडं ठेवाले नकाशा लागते?"

"मोठं भांडं आहे ना काकू."

"किती मोठं झालं का भांड्याचं बांधकाम होते, तेवढं विचारून ये."

मी खरंच विचारून आलो. ऑफिसातल्या माणसानं सांगितलं, परवानगी मिळेल, पण सुधारित नकाशा द्यावा लागेल आणि मग अख्खं घर नव्यानं मोजलं जाईल. मी हे काकूंना सांगितलं. आम्ही दोघांनी एकदमच मागच्या गॅलरीकडे पाहिलं. जाळी, टिन, चूल, बांबूवर टांगलेल्या लडी. घर मोजलं असतं तर टाकीआधी ही बिनपरवान्याची गॅलरी गेली असती.

"जमिनीखाली टाकी चालते म्हणाला. तिला नकाशाची कटकट नाही."

"जमिनीखाली दगड हाय. बोअर मारताना मशीन रडलं होतं. अजून काय म्हणाला?"

"अजून काही नाही."

काकू लाल हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "दिवाळीनंतर सुमीचं लग्न हाय."

सुमी म्हणजे उमरेडच्या भावाची मुलगी. तिचं लग्नाचं लुगडं तिचा बाप स्वतःच्या मागावर विणणार होता. त्याचे गुडघे गेले होते, हे लुगडं उतरलं की माग बंद करायचा त्यानं ठरवलं होतं. काठाचं सूत आत्यानं रंगवायचं, असं सुमीच्या जन्मापासून ठरलेलं. ते सूत अजून उमरेडहून यायचं होतं. टाकी गळ्यापर्यंत भरली होती, पण पाऊस आता परत येणार नव्हता. टाकी उचलायची म्हणजे आधी रिकामी करायची. आणि ते पाणी गेलं की पुढच्या वर्षापर्यंत लाल नाही.

"बोअरच्या पाण्यात नाही का करता येणार, या एका वेळी?" मी विचारलं.

"येते ना. पोरगी विटकरी काठात उभी राहीन, अन् जो तो विचारन, आत्या मेली होती का?"

पुढचे काही दिवस काकूंनी आल्यागेल्याला खालचा चहा दिला. न विचारता. स्वतःही खालचाच प्यायल्या. त्यांच्या घरात "वरचा का खालचा" ऐकू येत नाही म्हणजे काहीतरी फार बिघडलं आहे, हे लेआउटला कळलं. लोक येऊन हळहळून जायचे. हळहळणाऱ्या प्रत्येकाच्या नकाशात एकेक टाकी होती.

मॅडम यायच्या होत्या त्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो, तर काकू स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या. हे मला नवीन होतं.

"ग्रॅज्युएट, वैरागड्याच्या घरचा फोटो तूच काढला होता ना?"

"हो."

"सासूले कोठी उभी केलती?"

"मागच्या कोपऱ्यात, आपल्या भिंतीला लागून. त्यांच्या आर्किटेक्टनं नकाशा हातात धरून तिथंच ठेवायला लावली होती."

"म्हणजे भिंतीच्या इकडे माह्यी टाकी, अन् तिकडे नकाशातली."

"अगदी समोरासमोर."

"जा, कपडे बदल," काकू म्हणाल्या. "पाहुणे येऊन राहिले."

मॅडम तरुण होत्या. खांद्याला बॅग, हातात टेप, आणि चेहऱ्यावर सकाळपासून चार ठिकाणी भांडून आल्याचा थकवा. वैरागडेसाहेब आधीच फाटकाशी उभे, पांढऱ्या कपड्यांत, काखेत फाइल. काकूंनी मॅडमला खुर्ची दिली आणि विचारलं, "वरचा का खालचा?"

"म्हणजे?"

काकूंनी समजावून सांगितलं. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "वरचा. थोडा कडक."

काकूंच्या डोळ्यांत चमक आली. पोरगी पास झाली होती.

चहा पिऊन मॅडमनी टेप लावला. भिंतीपासून अंतर, ओट्याची उंची, सगळं पाहिलं. मग त्या थोड्या अवघडून म्हणाल्या, "काकू, टाकी छान ठेवली आहे. असं स्वच्छ झाकण मी ऑफिसच्या टाकीचंही पाहिलं नाही. पण ही मंजूर नकाशात नाही. मला लिहावंच लागेल."

"लिहा ना मॅडम. तुमचं कामच हाय. मी कुठं नाही म्हणते?" काकू एकदम नम्र झाल्या. काकू नम्र झाल्या की मला भीती वाटायची. "फक्त मले शिकवून जा. नियमात टाकी कशी ठेवा लागते ते. आमचे वैरागडेसाहेब शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरचे. त्यांच्या नकाशात टाकी हाय, बरोब्बर या भिंतीच्या पल्याड. ती एक डाव दाखवा मले. तशीच करते मी."

वैरागडेसाहेबांच्या काखेतली फाइल थोडी खाली घसरली.

मॅडमनी भिंतीवरून पलीकडे वाकून पाहिलं. तिथं तुळस होती, कुंड्या होत्या आणि पांढरी गाडी होती.

"साहेब, तुमची टाकी कुठंय?"

"टाकी... ती... दुरुस्तीला गेली आहे."

"प्लास्टिकची टाकी? दुरुस्तीला?"

वैरागडेसाहेबांनी रुमाल काढला. रुमालही पांढराच. आता ते काय बोलणार याकडे मी, मॅडम आणि फाटकापाशी गोळा झालेला अर्धा लेआउट पाहत होतो. त्यातल्या कुणाच्याच चेहऱ्यावर हसू नव्हतं. आज यांच्या अंगणात टाकी शोधली, तर उद्या आपल्या अंगणात शोधतील, हे प्रत्येकाला कळलं होतं.

तेव्हा काकू पुढं झाल्या. "बरोबर बोलून राहिले साहेब. दुरुस्तीलेच गेली हाय. माह्याकडे आली हाय दुरुस्तीले. ही काय, ही त्यायचीच टाकी." त्यांनी सासूच्या पोटावर थाप मारली. "लुगडं पाहून घ्या. त्यायच्या फोटोत हेच लुगडं असन."

वैरागडेसाहेब काकूंकडे पाहत होते. टाकी माझी नाही म्हणावं, तर स्वतःची दाखवावी लागणार. माझी आहे म्हणावं, तर स्वतःच्याच टाकीची तक्रार केली असं होणार.

"साहेब?" मॅडम म्हणाल्या.

"माझीच आहे," वैरागडेसाहेब म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी टाकीच्या लाल दातांवरून बोट फिरवलं. मग फाटकापाशी उभ्या असलेल्या एकेकाकडे पाहिलं, आणि ज्याच्याकडे पाहिलं तो चपलेकडे पाहायला लागला. मला वाटतं, हे लुगडं त्यांनी याआधी बऱ्याच फायलींत पाहिलं असावं. त्या हसल्या नाहीत, पण त्यासाठी त्यांना फार कष्ट पडले.

"मग सोपं आहे," त्या टेप गुंडाळत म्हणाल्या. "साहेबांची टाकी साहेबांच्या जागेवर न्या, नकाशात आहे तिथं. काकूंनी इथला ओटा काढून टाका. तक्रार मिटली. मी परत येऊन पाहीन." फाटकाकडे तोंड करून त्यांनी पुढं जोडलं, "या लेआउटमध्ये आता मला वरचेवर यावं लागेल असं दिसतं. तोवर सगळ्यांच्या दुरुस्त्या होऊ द्या."

त्या गेल्यावर मी काकूंना म्हटलं, "काकू, पण टाकी गेली ना तुमची. त्यांच्या नावावर झाली."

"सासू कोणाच्याही नावावर असो गा. सेवा तं मलेच करा लागते."

आता प्रश्न पाण्याचा. टाकी भिंतीपलीकडे न्यायची तर आधी रिकामी हवी, आणि एक थेंब सांडायचा नाही. काकूंनी कमरेला पदर खोचला आणि लेआउटमध्ये फिरल्या. ज्यानं ज्यानं सासू नेली होती, त्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कूलर काढा."

नागपुरात घरटी एक तरी कूलर असतो, आणि पावसाळा लागला की तो बिचारा ताडपत्रीखाली बसून असतो. त्या दिवशी सगळे कूलर बाहेर निघाले. वाळ्याच्या ताट्या काढल्या, टाक्या घासल्या. काकू प्रत्येक टाकीत हात फिरवून बोट नाकाशी न्यायच्या. "हा पुन्हा धुवा. याच्यात मागच्या उन्हाळ्याचा वास येऊन राहिला." बादल्यांची रांग लागली. ज्यांनी वर्षानुवर्षं पावसाचं पाणी फक्त फोटोत साठवलं होतं, त्या सगळ्यांच्या दारात एकेक कूलर खरोखरीच्या पावसानं भरून उभा राहिला. सगळ्यात मोठा कूलर वैरागडेसाहेबांचा. तो भरताना त्यांच्या पांढऱ्या पँटवर शिंतोडे उडाले. बोलायची सोयच राहिली नव्हती.

टाकी भिंतीवरून पलीकडे गेली. दोन्ही गच्च्यांचे पाईप तिच्यात उतरले. भिंतीला खालच्या बाजूला एक भोक पाडलं आणि तोटी काकूंच्या बाजूला निघाली. "टाकी साहेबांची, तोटी माह्यी," काकू म्हणाल्या. साहेबांनी विचारलं, "वहिनी, पण मग मला पाणी?" "मागत जा ना. मी कधी नाही म्हटलं?"

सूत रंगलं. माझ्या आयुष्यात मी तसा लाल पुन्हा पाहिला नाही. लड पाण्यातून वर काढली तेव्हा काकूंनी ती माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "सांग ग्रॅज्युएट, हा कोणता रंग?" मला शब्द सुचला नाही. "राहू दे," त्या म्हणाल्या, "डिग्रीत नसन आला." सुमीच्या लग्नाला अख्खा लेआउट उमरेडला गेला. बोहल्यावर काठाचे दात असे उठून दिसत होते की मांडवातल्या बायका अक्षता टाकायच्या सोडून काठ पाहत होत्या. काकूंच्या भावानं त्यानंतर माग उतरवला की नाही, हे मला नक्की सांगता येणार नाही. कारण काकूंच्या बांबूवर नंतरही लडी दिसत राहिल्या, आणि कुणाच्या म्हणून विचारलं की त्या म्हणायच्या, "भावाचे गुडघे बरे झाले."

आणि हो, पुढच्या उन्हाळ्यात लेआउटमध्ये पाच-सहा नव्या टाक्या आल्या. मॅडमची धास्ती म्हणा किंवा कूलरमध्ये उरलेल्या पाण्यात शिजलेली तुरीची डाळ म्हणा. बायकांचं म्हणणं, डाळ. काकूंनी प्रत्येक टाकी जाऊन पाहिली आणि प्रत्येक वेळी एकच शेरा दिला, "उघडीबोडकी दिसते."

मला दुसरीकडे नोकरी लागली आणि मी खोली सोडली. सामान टेम्पोत चढवून काकूंना भेटायला मागच्या बाजूनं गेलो. थंडीचे दिवस, कोवळं ऊन. काकू अंगणात नव्हत्या. भिंतीपलीकडे लडी वाळत घातल्या होत्या, वैरागडेसाहेबांच्या अंगणात, कारण सकाळचं ऊन त्यांच्याकडे आधी येतं. भिंत अजून गुलाबी होती. दोन दिवाळ्या होऊन गेल्या, तरी तिला चुना लागलेला नव्हता. आणि पांढरा शर्ट, पांढरी पँट घातलेले वैरागडेसाहेब एकेक लड उचलून, झटकून, काळजीपूर्वक उलटी करत होते. त्यांची बोटं लाल झाली होती.

त्यांना माझी चाहूल लागली. ते दचकले, हातातली लड घाईनं बांबूवर टाकली आणि टाकीवर हात ठेवून उभे राहिले.

"काय पाहून राहिला?" ते म्हणाले. "ही टाकी माझ्या मंजूर नकाशातली आहे."

मी इकडे वळलो, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू. आधण ठेवून त्या गजांआडून सगळं पाहत उभ्या होत्या, किती वेळ कुणास ठाऊक. मी हसणार, तेवढ्यात त्यांनी डोळे वटारले आणि एक लाल बोट ओठांवर ठेवलं.